झोरकच्या लंगडण्याचं खरं कारण

चिक्कडपल्लीत आपल्याइतका शिस्तीचा माणूस नाही, असं प्रभाकरराव बिदरकर स्वतःच सांगत. सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं कारकुनी केलेली. खोटी रजा टाकणाऱ्यांवर ते जिन्यात उभ्याउभ्या व्याख्यान झोडत. आणि याच गृहस्थांनी पस्तीस वर्षांपूर्वी कोठी भागातल्या डॉक्टरकडून पाय मुरगळल्याचं सर्टिफिकेट आणून, पंधरा दिवस ‘आकाशनगर’ या टीव्ही मालिकेत परग्रहावरच्या झोरकचं काम केलं होतं! सरकारी नोकराला बाहेरचं काम मना, म्हणून ‘नाव घालू नका’ असं त्यांनीच हात जोडून सांगितलं होतं. मुखवट्याआड चेहरा दिसणार नव्हताच.

आता ती मालिका कार्टून होऊन परत येणार होती. झोरक लंगडत का चालतो, यावर चाहत्यांनी इंटरनेटवर पानंच्या पानं भरली होती. कुणी म्हणे त्याच्या ग्रहाचं गुरुत्वाकर्षण निराळं, कुणी म्हणे हे निर्वासिताचं दुःख. डावा बूट एक नंबर लहान होता, हे सत्य एकट्या प्रभाकररावांच्या पोटात होतं आणि आता ते पोटात राहीना. मरण्याआधी एकदा तरी पडद्यावर आपलं नाव यावं, असं त्यांना फार वाटू लागलं. शेवटी त्यांनी स्टुडिओ गाठला.

दिग्दर्शिका स्नेहा अंबरपेठेतली, मराठी घरातली. ती बुटाच्या किश्श्यावर खूश झाली. “पण अंकल, मीच झोरक म्हणणारे चार जण येऊन गेले. वकिलाला लेखी पाहिजे. त्या पंधरा दिवसांत तुम्ही कुठे होता?”

“सरकारी कागदाप्रमाणे अंथरुणावर.”

“मग कसं होणार? सर्टिफिकेट खोटं होतं म्हणून लिहून द्या. पडद्यामागच्या गमतींमध्ये तेही टाकू.”

दोन दिवस प्रभाकररावांना अन्न गोड लागलं नाही. “पेन्शन थांबली तर? लोकांना तोंड कसं दाखवू?” ते बायकोला म्हणाले.

“इतकी वर्षं मुखवट्यातच काढली की!” प्रमिलाबाई फणकारल्या. “आता परेशान कायकू होता? नाव पाहिजे तर तोंड दाखवावंच लागतं.”

त्यांनी लिहून दिलं. सवयीनं सहीखाली हुद्दाही घातला. पहिल्या भागाच्या शेवटी नाव आलं, पूर्ण आणि शुद्ध. मागोमाग गमतींमध्ये खोट्या रजेची कबुलीही आली. नाव पाहून प्रभाकरराव रडले, कबुली पाहून त्यांना घाम फुटला.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांच्या जुन्या हेडक्लार्कांचा, अंबाजीरावांचा फोन आला. प्रभाकरराव खुर्चीतून उठून उभे राहिले.

“साहेब, ती रजा... चूक झाली.”

“अरे, नातीनं दाखवलं. झकास काम केलंस! पण पंधरा दिवस तू नव्हतास म्हणतोस? आम्हाला कुणाला आठवतच नाही. काम तर कुठंच अडलं नव्हतं रे.”

पेन्शन एक तारखेला बिनबोभाट जमा झाली. प्रभाकररावांना मात्र आयुष्यात पहिल्यांदा कचेरीचा मनापासून राग आला.