गोलनंतरची धाव

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो आमच्या शाळेच्या जाधवसरांचा. वर्गात अभ्यास घ्यायचे आणि मैदानावर फुटबॉल शिकवताना ओरडायचे, "अरे, बॉल पायात धरून पूजा करतोस काय? दे पुढे!" परवा फोनवर निवृत्त सर खिन्नपणे म्हणाले, "एकाच शाळेत जन्म गेला रे. काय मिळवलं?"

काल टीव्हीवर एका स्पॅनिश मिडफिल्डरचा निरोपाचा सामना पाहिला. सारी कारकीर्द एकाच क्लबात. समोर गोल मोकळा असतानाही त्याने नव्या खेळाडूला पास दिला. गोल होताच तो नवा खेळाडू प्रेक्षकांकडे नाही, पास देणाऱ्याकडे धावला.

मी सरांना पत्र लिहिलं: "सर, आमच्या घरात पहिली पदवी माझी आली, तो पास तुमचा होता. रविवारी तुमच्याकडे येतोय, धावत."