चंद्राच्या मागे स्कूटर

आमच्या घरात दुसरं मूल झालं नाही, म्हणून एका भाऊबीजेला मला स्कूटरवरून चंद्राचा पाठलाग करावा लागला.

मी जव्हारला कारकून, बायको सुमा शिक्षिका. "एकच, पण नेक!" हे घरातलं घोषवाक्य माझंच. (दोन नोकऱ्या, दोन खोल्या, आणि पोर सांभाळायला शेजारच्या काकू. दुसरं आणलं असतं तर काकूच पळून गेल्या असत्या!) सुमाला मात्र दुसरं हवं होतं. मनूची जुनी झबली ती कुणाला देऊ द्यायची नाही.

त्या संध्याकाळी सात वर्षांची मनू ताट घेऊन उभी राहिली.

"मी कुणाला ओवाळू?"

"भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात, राणी," मी म्हणालो.

"मग चंद्र कुठाय?"

झालं! बीजेचा चंद्र तो, नखाएवढा, आणि समोरच्या आंब्यामागे बुडायला निघालेला. मनूने भोकाड पसरलं.

"बघत काय बसलात? काढा स्कूटर!" सुमा कडाडली. "शिरपामाळावरून दिसेल."

स्कूटर तिरकी केली, लाथा घातल्या, निघालो. पुढे मनू, मागे सुमा, तिच्या हातात पेटतं निरांजन!

"भाऊसाहेब, कुठं चालला?" काकू ओरडल्या.

"चंद्रावर!"

माळावर पोचलो तर चंद्र गुडूप. निरांजनही विझलेलं. मनूने माझ्याकडे रोखून पाहिलं.

"सगळे तुम्हाला भाऊसाहेब म्हणतात ना? मग बसा खाली!"

बसलो. सुमाने काडी ओढली, मनूने ओवाळलं.

"अगंबाई, म्हणजे ही माझी नणंदच झाली की!" सुमा खो खो हसत सुटली.

"बोला ताई, ओवाळणी काय घालू?" मीही रंगात आलो.

"बाळ," मनू म्हणाली.

सुमाचं हसू थांबलं. खरं सांगू? मलाही हवं होतं हो! पण वर्षं निघून गेली, आणि झबली ट्रंकेतच राहिली.

आता मनू ठाण्याला असते. तिलाही एकच मुलगी. मध्यंतरी धीर करून म्हटलं, "आणखी एक होऊ द्या की."

"एकच, पण नेक! कुणाचं हो हे, बाबा?"

भाऊबीजेला आम्ही दोघं ठाण्याला जातो. तिथे इमारतींपुढे चंद्र कुठला दिसायला! पण नातीचं काही अडत नाही. ती मला पाटावर बसवते, डोक्यावरची टोपी उचलते आणि स्वयंपाकघराकडे बघून ओरडते,

"आई, ताट आण! चंद्र उगवला!"