प्राजूच्या भूगोलावर मी जळले

आज खरंच जळले, मंडळी. स्पष्टच सांगते.

प्राजू आणि मी नायगावच्या एकाच चाळीतल्या. तिने भूगोल घेतला, साध्या कॉलेजात, किरकोळ फीमध्ये. मी कर्ज काढून इंजिनीअर झाले. हप्ते अजून चालू आहेत.

आज धाकट्या बहिणीला घेऊन वरळी कोळीवाड्यात मासळी घ्यायला गेले, तर प्राजू लॅपटॉप घेऊन बसलेली. होड्या लावायच्या, मासे सुकवायच्या जागांचा नकाशा बनवत होती; भूगोल शिकून हीच नोकरी लागलीय तिला. एक मावशी स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, "पोरी, आमची जागा राहिली की गं!" प्राजूने लगेच ती नकाशात टाकली. मावशीने चक्क तिचा मुका घेतला.

"पगार किती देतात गं?" मी विचारलंच. माझ्या पगाराच्या निम्मा निघाला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

"उद्या सुट्टी आहे, पण येणार," प्राजू म्हणाली. "मागची गल्ली राहिलीय ना."

मी तर रविवारी संध्याकाळपासूनच सोमवारी ऑफिसला दांडी मारायची कारणं शोधत बसते.

परतताना बहीण म्हणाली, "ताई, मीपण भूगोल घेऊ?"

"नको" तोंडावर आलं होतं. काळजीने की जळून, मलाच कळेना. म्हणून "उद्या सांगते" म्हणत वेळ मारून नेली.

तुम्ही काय सांगितलं असतं?