म्हातारीखालची वाट

माझ्या नणंदेला जंगलात येणारी नेहमीची माणसं ‘पुढारीण’ म्हणतात. रविवारच्या भटकंतीत ती सगळ्यांच्या पुढे चालते म्हणून. माझा नवरा म्हणतो, निवडून न येता झालेली आणि तरीही काम करणारी ही एकच पुढारीण आपण पाहिली. यावर ती हसत नाही, पण नाकारतही नाही.

शहराच्या टोकाला बस जिथे वळते तिथून तिचं जंगल सुरू होतं. तिथली काही झाडं इतकी जुनी आहेत की ती आधीची की शहर, याचा वाद कुणी घालत नाही. त्यातल्या पायवाटा सांभाळणं हे तिचं काम. आडव्या आलेल्या काटेरी फांद्या छाटायच्या, वाहून गेलेल्या पायऱ्यांना दगड लावायचे, ओल्या उतारावर भुसा टाकायचा आणि सुट्टीच्या दिवशी माणसांना घेऊन फिरायचं. चालताना ती फार बोलत नाही. हात वर करून सगळ्यांना थांबवते, एका खोडाकडे बोट दाखवते. आधी कुणाला काहीच दिसत नाही. मग सालीतच दोन डोळे उघडतात आणि कळतं की ते घुबड आहे. एकदा कोल्हा वाट ओलांडून गेला आणि अर्ध्या लोकांचं लक्षच नव्हतं. सगळे हळहळले. ती म्हणाली, “त्याने आपल्याला नीट पाहिलं ना? मग झालं.”

तिचे यजमान, आमच्या घरचे भावोजी, त्याच जंगलात झाडं तपासायचे. लाकडी हातोडीने खोड ठोकायचं, कान लावायचा, आतून पोकळ किती आणि भरीव किती ते ठरवायचं. दोघं सकाळी एकत्र निघायची, फाटकापाशी वेगळी व्हायची आणि दुपारी म्हातारीखाली डबा खायला भेटायची.

म्हातारी म्हणजे एक झाड. पाच माणसांच्या कवेत न मावणारं, पोटात वटवाघळांची वसाहत असलेलं. तिची गोष्ट इथे सगळ्यांना ठाऊक आहे. एका बाईचं मूल लाकडं आणायला गेलं ते परतलं नाही. ती वाटेवर उभी राहिली, राहता राहता तिला मुळं फुटली. म्हणून तिच्याजवळून जाताना खोडावर हात ठेवून सांगायचं की आपण कुणाचे कोण. म्हणजे तिला कळतं की हे आपलं लेकरू नव्हे, आणि ती जाऊ देते. न सांगता जाणारा तिच्याभोवतीच फिरत राहतो. नणंद ही गोष्ट दर रविवारी त्याच शब्दांत सांगायची. लहान मुलं हात ठेवून आईचं नाव सांगायची, मोठी माणसं थोडी लाजत सांगायची. भावोजी मात्र रोज खोडावर थाप मारून म्हणायचे, “म्हातारे, जावई आलाय.”

उन्हाळ्यात, वारा अगदी पडलेला असताना, जुन्या झाडाची हिरवीगार फांदीसुद्धा कधी कधी आपसूक मोडून पडते. हे भावोजींना ठाऊक होतं. दुपारी अशा झाडाखाली बसू नका, असं तेच लोकांना सांगायचे. एकदा मी विचारलं होतं, “मग तुम्ही कसे बसता?”

“वहिनी, सासुरवाडीला जेवायला बसताना छप्पर तपासतात का?”

खोड त्यांनी त्याच आठवड्यात ठोकून पाहिलं होतं आणि ते चांगलंच होतं. फांदी मात्र त्यांच्यावर पडली. तो रविवार होता. नणंद माणसांना घेऊन वळणावर आली आणि तिला ते फांदीखाली दिसले; जीव उरला नव्हता, हे तिथूनच कळत होतं. तिने हात वर केला, सगळ्यांना थांबवलं, म्हणाली, “पुढची वाट बंद आहे. मागे फिरा.” मग ती त्यांना दुसऱ्या वाटेने फाटकापर्यंत घेऊन गेली. वाटेत कुणीतरी एका अळिंबीविषयी विचारलं, तेही तिने सांगितलं. सगळे बाहेर पडल्यावर फाटकावरच्या चौकीतली माणसं घेऊन ती परत गेली.

त्या गटात माझी कॉलेजात जाणारी लेक सगळ्यात मागे होती. तिला घरी आल्यावर कळलं. मला ते अजून पचत नाही. माझी पोर त्या झाडापासून वीस पावलांवर होती आणि फोटो काढत होती.

पंधरवडाही झाला नसेल, नणंद कामावर गेली. आम्ही तिच्याकडे राहायला गेलो होतो. ती वेळेवर उठायची, वेळेवर जेवायची, भांडी जागच्या जागी लावायची. शेजारीण सांत्वनाला आली तर तिच्या हातात चहा देऊन म्हणायची, “साखर पुरे ना?” रडली नाही. माझा नवरा तिला म्हणाला, “ताई, रडून घे गं एकदा.” ती म्हणाली, “येईल तेव्हा रडेन. आणता येत नाही रे ते.”

एके दिवशी जंगलखात्याचे साहेब घरी आले. भले गृहस्थ. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, “ते झाड उतरवायचं ठरतंय. आणखीही फांद्या पडतील. तुमचंही तेच म्हणणं असेल.”

मी मनात म्हटलं, सुटलो.

नणंद म्हणाली, “वाट वळवली तर?”

“वाट वळेल हो. माणसं वळतील का? सगळे हात लावायला येतात.”

“वळवून बघते.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. शेवटी ते म्हणाले, “पानगळीपर्यंत बघू. लोक खाली जाताना दिसले, तर मग माझा नाइलाज आहे.”

ते गेल्यावर मी तिला बोलले. बरंच बोलले. म्हटलं, ज्या झाडाने तुझा संसार मोडला त्याची वकिली कशाला? उद्या कुणाचं पोर खाली सापडलं तर? माझी स्वतःची लेक दर रविवारी तिथे असते, मी घरी फोनकडे बघत बसते, तुला कल्पना आहे का?

ती कपड्यांच्या घड्या करत होती. भावोजींचे शर्ट होते. “वहिनी,” ती म्हणाली, “मला त्या झाडाचा राग येत नाही. कसलाच येत नाही. पण कधीतरी येईलच ना? आज पाडलं आणि उद्या राग आला, तर कुणावर काढू? बुंध्यावर?”

शर्टाची पुढची घडी मीच केली.

नवी वाट तिने हरणांच्या मागावरून नेली. हरणं म्हणे चढ कुठे सोपा आहे ते आधीच शोधून ठेवतात. वळणाला दोर बांधला, पाटी लावली. पुढच्या रविवारी मी मुद्दाम गेले. माणसं पाटी वाचत होती, मान डोलवत होती आणि दोर ओलांडत होती. एका बाईने तर आपलं पोर दोरावरून पलीकडे नवऱ्याच्या हातात दिलं. “एक मिनिट हं, फक्त नाव सांगून येतो,” तो म्हणाला. मी वर फांद्यांकडे बघत राहिले. मूल परत आईच्या कडेवर येईपर्यंत मी मान खाली केली नाही.

घरी येताना नणंद म्हणाली, “दोराने नाही होणार. गोष्ट बोलावते त्यांना.”

मग तिने गोष्ट बदलली. ज्या गोष्टीतला एक शब्द तिने कधी इकडचा तिकडे केला नव्हता, ती. पुढच्या रविवारी नव्या वाटेवर, झाड दुरून दिसतं तिथे ती थांबली. मूल गेलं, बाई उभी राहिली, मुळं फुटली, सगळं नेहमीसारखं सांगितलं. मग म्हणाली, “आता तिला झोप लागली आहे. इतक्या वर्षांनी लागली आहे. म्हणून कुणी जवळ जायचं नाही, नाव सांगायचं नाही. इथून गुपचूप जायचं.”

दर आठवड्याला येणारे एक निवृत्त मास्तर होते. ते म्हणाले, “पुढारीणबाई, मी लहानपणापासून ही गोष्ट ऐकतोय. झोपली कधी ती?”

“या उन्हाळ्यात,” नणंद म्हणाली.

मास्तरांनी टोपी काढली, उगाच झटकली आणि परत घातली. पुढचं सगळं वळण माणसं पाय न वाजवता चालली. एका मुलाने जोरात शिंक दिली तर त्याच्या आजीने त्याला गप्प केलं. मी आई आहे. झोपलेल्याला उठवू नये ही एक गोष्ट सगळ्यांना कळते, एवढं मला माहीत होतं. तरी इतकं चालेल असं वाटलं नव्हतं. महिनाभरात लोकच एकमेकांना सांगू लागले. दोराची गाठ सैल होऊन तो खाली पडला, तरी तो ओलांडून कुणी गेलं नाही.

पानगळीला साहेब आले. जुन्या वाटेवर गवत उगवलं होतं, त्यावर पानं पडली होती आणि पाऊल एकही नव्हतं. त्यांनी वाकून पानं बाजूला सारून पाहिलं. म्हणाले, “राहू दे झाड. मी तसं कळवतो.” मग जरा अडखळून म्हणाले, “फक्त त्या खुणा तेवढ्या. नवखा माणूस गोष्ट ऐकत नाही, खुणा बघून जातो.”

जुन्या वाटेवरच्या झाडांवर पिवळ्या रंगाचे पट्टे होते. दर दोन वर्षांनी ते भावोजी रंगवायचे. ते डावरे होते, त्यामुळे प्रत्येक पट्टा एका बाजूला कललेला.

“खरवडते,” ती म्हणाली.

साहेब गेल्यावर तिने पिशवीतून तारेचे दोन ब्रश काढले आणि एक माझ्या हातात दिला. “साल दुखवू नको. रंग तेवढा काढ.”

आम्ही वळणापासून सुरुवात केली. ती एका झाडाशी, मी दुसऱ्याशी. रंगाचा पिवळा भुगा बाहीवर पडत होता. म्हातारीच्या अलीकडच्या झाडापाशी तिचा हात जरा थांबला.

“एकही सरळ काढला नाही बघ,” ती म्हणाली. “सांगून सांगून थकले मी.”

आणि पुन्हा घासायला लागली.