चाकाजवळची टाइल

आमच्या ह्यांना कामावर सगळे 'टकटक' म्हणतात आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. आम्ही नवीन घर बघायला गेलो तेव्हा हे न्हाणीघराच्या टाइल्सवर बोटाच्या पेराने टकटक करत बसले आणि दलालाला म्हणाले, "चार पोकळ आहेत." त्या दलालाने पुन्हा आमचा फोन उचलला नाही.

ह्यांचं काम काय, तर अवकाशविमानाच्या पोटाला टाइल्स चिकटवायच्या. रॉकेट एकदा वर गेलं की संपलं, म्हणून वर काहीही पाठवायचं तर खर्च अफाट. हे विमान वर जाणार, धावपट्टीवर उतरणार आणि पुन्हा जाणार. खाली येताना बाहेर नुसती आग असते, ती आत येऊ देत नाहीत त्या ह्या टाइल्स. सव्वीस वर्षं ह्यांनी तेवढंच केलं. घरात काय चाललंय याचा पत्ता नाही.

गेल्या वर्षी विमान एकदा जाऊन आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तर हे म्हणाले, "एकदा काय, रॉकेटही जातं. हेच विमान दुसऱ्यांदा गेलं की मग बोला." ते दुसरं उड्डाण ठरलं वीस तारखेला आणि ह्यांची निवृत्ती तीस तारखेला. निवृत्त माणसाला आत कोण सोडतंय? ह्यांचा सगळा जीव त्या वीस तारखेत अडकलेला. मुलीने रजा टाकली, आम्हा दोघींचे पास आले, मी नवी चप्पलसुद्धा घेतली.

आणि तीन तारखेला माशी शिंकली. शेवटच्या तपासणीत हे विमानाखाली आडवे पडून एकेक टाइल वाजवत होते. चाकाच्या झाकणाजवळची एक पोकळ वाजली. यंत्र लावून बघितलं, यंत्र म्हणालं ठीक आहे. साहेब म्हणाले, "एकदा जाऊन आलीये ना ती? करा सही." ह्यांनी सही केली नाही. कागदावर लिहिलं, 'काढावी.' एक काढायची म्हणजे आजूबाजूच्याही काढा, नव्या बसवा, वाळू द्या, सगळं परत तपासा. उड्डाण दोन महिने पुढे गेलं.

मी तीन आठवडे बोलत होते. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, दिवे मालवताना. "हातातोंडाशी आलेला घास होता. यंत्र ठीक म्हणत होतं, साहेब ठीक म्हणत होते, तुम्हीच तेवढे शहाणे?" हे गप्प. एरवी टाइलवर तासभर बोलणारा माणूस, आणि आता तोंडात मिठाची गुळणी. त्याचाच मला जास्त राग यायचा. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, पुरे आता," तर तिलाही झापलं.

तीस तारखेला निरोप समारंभ झाला. टकटकच्या कानाने विमान वाचवलं, असं साहेब भाषणात म्हणाले म्हणे. हे घरी आले ते एक खोकं घेऊन. आत तीच टाइल, आठवण म्हणून दिलेली.

"जखमेवर मीठच की," मी म्हणाले आणि ती उलटी करून बघितली. अर्ध्या भागाला गोंद धरलाच नव्हता. कडेला बारीक अक्षरात नंबर, ह्यांची सही आणि सहा वर्षांपूर्वीची तारीख.

ती तारीख मला पाठ आहे. आमच्या बैठकीच्या भिंतीवर मुलीच्या पदवीदानाचा फोटो आहे, त्याच्या कोपऱ्यात तीच छापलीये. त्या दिवशी मी ह्यांना तीनदा फोन केला होता, की आज एक दिवस तरी वेळेवर या, पोरीला तोंड दाखवा. सव्वीस वर्षांत हे त्या एकाच दिवशी वेळेवर आले.

"गोंद धरेपर्यंत टाइल दाबून ठेवतात, तो दाब सुटत नाही ना हे बघत तासभर थांबायचं असतं," हे म्हणाले. "मी वीस मिनिटं थांबलो."

"कधी कळलं तुम्हाला?"

"वाजवली त्याच दिवशी. नोंदवहीत बघितलं."

"मग मी इतकं बोलत होते, तेव्हा सांगायचं नाही का?"

हे भिंतीकडे बघत होते. "फोटो चांगला आलाय पण," म्हणाले, आणि टाइल खोक्यात ठेवून हातपाय धुवायला गेले.