किनुकोमावशीची रांग

आमच्या ओसाकाच्या बेसबॉल मैदानाच्या तिसऱ्या दरवाजावर तपासणीची चार टेबलं असतात. तिसऱ्या टेबलावर मी, ओकी. अडतीस वर्षं ट्राम चालवून निवृत्त झालेला आणि नियमाला पक्का. चौथ्यावर नोसे किनुको, वय एकसष्ट. माझ्यापुढे बारा माणसं असली तर तिच्यापुढे ऐंशी. मला आधी वाटायचं, आपलं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं असतं म्हणून असेल. ते तर आहेच, पण खरं कारण तिच्या हातात होतं.

कॅन किंवा काचेची बाटली आत न्यायची नाही, हा नियम. आपला संघ हरायला लागला की भला माणूसही हाताला येईल ते भिरकावतो. म्हणून आधी पिशवी तपासायची, मग कॅन दारातच फोडून बिअर कागदी ग्लासात ओतून द्यायची. मी ओतली की अर्धा ग्लास फेस, आणि उरलेली गिऱ्हाइकाच्या बुटावर. किनुकोनं नवऱ्यासोबत सव्वीस वर्षं उभ्याउभ्या प्यायचं छोटं दुकान चालवलेलं. ती ग्लास तिरपा धरायची, वर बरोब्बर दोन बोटं फेस, आणि थेंब सांडेल तर शपथ.

तोंडही हाताइतकंच चालायचं.

"काय रे, बायको कुठाय?"

"माहेरी गेलीय, मावशी."

"भांडलास ना? चेहराच सांगतोय. आणि हे काय, सुरी?"

"कलिंगड कापायला!"

"कलिंगड आत जाईल, सुरी माझ्याकडे राहील. इथंच काप, आणि एक फोड मला ठेव."

तिच्या टेबलावरून सुरी काय, नेलकटरसुद्धा कधी आत गेलं नाही. कुणाला तपासणी झाल्यासारखं वाटायचंच नाही, एवढंच. नवरा गेला, दुकान बंद झालं, त्या वर्षाबद्दल ती मला एकदा म्हणाली होती, "ओकी-सान, दिवसभरात बोलायला एक टीव्ही. आणि तो मेला माझं काही ऐकायचाच नाही." या कामानं तिला पुन्हा माणसांत आणलं होतं.

मग टोकियोच्या मुख्य कचेरीतून इबुकासाहेब आले. वय चौतीस, बगलेत टॅबलेट, त्यावर प्रत्येक दरवाजाची गर्दी रंगात. आमचा दरवाजा कायम लाल.

"नोसेबाई, एकाच जागी माणसं तुंबली की अपघात होतो. पुढच्या रविवारपासून तुम्ही हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसा."

"तिथं माणसं येतात?"

"क्वचित. छत्र्या असतात."

"मग काय छत्र्यांशी गप्पा मारू?"

साहेबांचं चुकत नव्हतं, हे मला कबूल केलंच पाहिजे. ट्राम चालवणाऱ्याला गर्दी कळते. पण किनुकोचा चेहरा असा उतरला की मला माझ्या शहाणपणाचाच राग आला. रांग आटोक्यात आणून जागा टिकवायला तिला तोवरचे तीन सामने मिळाले.

पहिल्या सामन्याला तिनं लोकांना हाकललं. "जा की ओकीकडे, तो मोकळाच आहे!"

"नको मावशी, आज बूट नवे आहेत."

दुसऱ्या सामन्याला ती मुद्दाम वाईट ओतायला लागली. फेस काठावरून खाली, टेबलावर तळं. लोक घाबरले, मावशी आजारी आहे! तिसऱ्या सामन्याला, म्हणजे शनिवारी, कुणी आजारपणात खायचे खारवलेले आलुबुखार आणले, कुणी गुडघ्याला लावायच्या पट्ट्या, कुणी देवळातला ताईत. रांग शंभरावर गेली. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

त्याच दुपारी गाडी रखडली. वीस मिनिटं स्टेशनावरून कुणी आलंच नाही, आणि मग तीन गाड्यांची माणसं एकदम स्टेशनाच्या पुलावरून खाली, सगळी आमच्या दरवाजाकडे. समुद्राच्या बाजूचा सातवा दरवाजा रिकामा होता, चालत पाच मिनिटं. कर्णा ओरडत होता, "कृपया सातव्या दरवाजाचा वापर करा." ओसाकाच्या माणसाला घोषणा ऐकू येते, पटत नाही. दुसरा जाईलच, मग आपलं इथं लवकर होईल, असा हिशेब प्रत्येकाचा. सगळे ढिम्म.

किनुको वाकून टेबलाखालून बघत होती.

"काय सांडलं?" मी विचारलं.

"पाय बघतेय. मघाशी पावलं टाकत होते. आता नुसते सरकताहेत."

मीही वाकून पाहिलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. पुढची माणसं कठड्याला टेकली होती, मागच्यांना त्याचा पत्ता नव्हता. साहेब वॉकीटॉकीत ओरडत होते, "मागे व्हा म्हणावं, मागे!"

"साहेब, पुढच्यांना मागे जायला जागा कुठाय?" किनुको म्हणाली. "मागच्यांनाच वळवायला हवं. ओकी-सान, उचला ते टोक!"

टेबलाचं एक टोक तिनं धरलं, दुसरं मी. कागदी ग्लासांची चळत तिच्या काखेत. भिंतीच्या कडेनं आम्ही गर्दीच्या शेपटाकडे, थेट पुलाच्या पायथ्याशी गेलो. तिथं ती असा आवाज टाकून ओरडली की सव्वीस वर्षांचं दुकान त्या आवाजात जागं झालं.

"दुकान हललंय! सातव्या दरवाजाला! आज फेस दोन बोटं, वर-खाली नाही!"

"मावशी बरी झाली!" कुणीतरी किंचाळलं.

आणि पुलावरून उतरणारा लोंढा वळला. आम्ही दोघं म्हातारे टेबल घेऊन पुढे, मागे दीड-दोन हजार माणसं, संघाचं गाणं म्हणत, टाळ्या पिटत. आमच्या मागोमाग इबुकासाहेब, एका हातात टॅबलेट, दुसऱ्या हातात रिकाम्या कॅनची टोपली, आणि टायवर बिअर. मी वळून पाहिलं. तिसऱ्या दरवाजापुढची माणसं सुटी झाली होती, पावलं टाकत होती. मला इतका आनंद झाला की मीही गायला लागलो. मला गाता येत नाही.

त्या दिवशी कुणाला खरचटलंदेखील नाही. साहेब मात्र सामनाभर टॅबलेटवरचे रंग बघत होते.

रविवारी सकाळी फळ्यावर कामाचं पत्रक लागलं. किनुको आधी वस्तूंच्या खोलीपुढे आपलं नाव शोधायला लागली. तिथं नव्हतं. दरवाजांच्या यादीतही नव्हतं. मग अगदी तळाशी सापडलं. नोसे किनुको, आणि दरवाजाच्या आकड्याच्या जागी साहेबांच्या अक्षरात: "जिथं माणसं नसतील तिथं."

तिनं ते तीनदा वाचलं. डोळे पुसले आणि मागे उभ्या साहेबांवरच उखडली, "म्हणजे मला दिवसभर फिरवणार! पाय एकसष्ट वर्षांचे आहेत माझे!"

"टेबल मी उचलतो," साहेब म्हणाले.

तिला त्यांनी आधी अकराव्या दरवाजाला बसवलं. तिथं कावळासुद्धा फिरकत नाही. अर्ध्या तासात ऐंशी माणसं रांगेला लागली. तेवढ्यात टॅबलेट हलवत, धापा टाकत साहेब धावत आले.

"उठा मावशी, उठा! अकरा लाल झाला! आता चौथ्या दरवाजाला!"