एक खिळा सोडून

आजवर मी बरीच पत्रकं लिहिली. रस्त्यासाठी, रेशनसाठी, पाण्यासाठी. कुणाच्या बापाला न घाबरता लिहिली आणि त्यातला एक शब्दही मागे घेतला नाही. पेन घेऊन हाताने दुरुस्ती करायची पाळी आली ती फक्त खिळ्यांच्या पत्रकावर.

आमचा पाडा मोखाड्याच्या बाजूला, धरणाच्या फुगवट्याला लागून. शाळा समोरच्या काठावर. घंटा आम्हाला ऐकू येते, पण पाण्याला वळसा घालून गेलं तर पोरं पोचेपर्यंत मधली सुट्टी झालेली असते. म्हणून होडी. जुन्या होडीला ऐनाच्या फळ्या आणि लोखंडाचे खिळे. ऐनाच्या ओल्या लाकडात लोखंड टिकत नाही. प्रत्येक खिळ्याभोवती काळं वर्तुळ आणि वर्तुळातून पिचकारी. पोरं डब्याच्या झाकणाने पाणी उपसत शाळेत जायची. उन्हाळ्यात एक दिवस ती होडी काठाशीच, गुडघाभर पाण्यात, आपणहून खाली बसली. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत नवी हवी होती. अर्ज केला, "विचाराधीन" असं उत्तर आलं. विचारात बसून पोरं पलीकडे जात नाहीत, असं मी पत्रकात ठणकावलं आणि पाड्याने स्वतःच होडी बांधायला घेतली.

खिळे निवडायची जबाबदारी मी ओरडून मागून घेतली. याबाबतीत मला एकच गोष्ट ठाऊक होती: चांगल्या स्टीलला लोहचुंबक चिकटत नाही. मोर्च्यातल्या आमच्या भोंग्याचा चुंबक काढला आणि जव्हारच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानात जाऊन उभी राहिले. दुकानदाराने पितळेचे स्क्रू समोर ठेवले. सगळे टुणकन उडी मारून चुंबकाला बिलगले.

"हे पितळ?"

"पितळच आहे ताई. वरून."

"आणि आतून?"

"आत कोण बघतंय!"

हे वाक्य मी तिथेच हातावर लिहून घेतलं. पत्रकाचा मथळा तयार झाला होता. दुकानदाराने मग स्टेनलेसचे स्क्रू काढले. त्यांना चुंबक चिकटला नाही. मी मूठभर घेतले आणि विजयी मुद्रेने पाड्यावर परतले.

तिथे चुंबक माझ्या हातात राहिलाच नाही. जो तो घरातली भांडी तपासायला लागला. लग्नात आलेला स्टीलचा हंडा चिकटला म्हणून दोन व्याह्यांनी चार दिवस बोलणं टाकलं. एका काकाने तर बायकोने केलेली भाकरी तपासली. चिकटली नाही, तेव्हा म्हणाला, "बघ, टिकाऊ हाय."

सुतारबाबा फळ्या तासत हे सगळं बघत होता. डहाणूच्या किनाऱ्यावर त्याने बरीच वर्षं होड्या बांधलेल्या.

"पोरी, तुझा चुंबक लोखंड ओळखतो. गंज नाय ओळखत."

"म्हणजे स्टेनलेस चालणार नाही?"

"हवेत झकास. ओल्या लाकडात कोंडलं का आतल्या आत सडतं. वरनं चकाचक."

"मग खरं पितळ?"

"पाण्यात राहून ठिसूळ होतं. तांबं घे. तांब्याचा खिळा, मागनं तांब्याचीच चकती, आन टोक ठोकून बोंड करायचं. पर त्याच्या शेजारी लोखंड नको. दोन्ही भिजले का लोखंड आधी मरतं."

किनाऱ्यावरून तांब्याचे खिळे मागवले. मी पत्रक छापलं: "या होडीत गंजणारा एकही खिळा नाही! पहिल्या फेरीला पुढे मी बसेन!" मला पोहता येत नाही, हे छापलं नाही.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, शेवटचं बोंड ठोकून झाल्यावर, पाड्यातली सर्वांत म्हातारी आय आली. तिच्या पदराच्या गाठीत जुन्या होडीचा एक खिळा. गंजून अर्धा झालेला.

आमच्याकडे नागली पेरताना नव्या बियाण्यात जुन्याची मूठ मिसळतात. नव्या घराला जुन्या घराचं एखादं लाकूड लावतात. तसा जुन्या होडीचा खिळा नव्या होडीत जायलाच हवा. हे मला लहानपणापासून माहीत होतं आणि मी साफ विसरले होते.

"आय, लोखंड चालणार नाही. पत्रकात छापलंय."

"छापलंस. मला इचारलंस?"

तिने खिळा माझ्या नाकासमोर धरला.

"तो नाय ठोकला तं माझी नातवंडं बसायची नाय."

मागून एकेक जण म्हणू लागला, आमचीपण नाय. पोरं घरी राहिली तर तांबं काय चाटायचंय? अंधश्रद्धा आणि शिक्षण या विषयावर भाषण ठोकायला मी भोंगा उचलला, बटण दाबलं. आवाजच नाही. चुंबक काढलेला! काका मागून ओरडला, "ह्याला भाकरी लावून बघ!"

शेवटी सुतारबाबाने बसायच्या फळीचं टोक दाखवलं. पाण्याच्या वर, आणि तांब्यापासून हातभर लांब. "इथं ठोक आय. मरंल तं एकटा मरंल." आयने तीन घाव घातले. खिळा वाकडा गेला, पण गेला.

सकाळी मी पुढे बसले, काठ गच्च धरून. पोरं सवयीने डब्याची झाकणं हातात घेऊन तयार. पलीकडे पोचेपर्यंत थेंबही आला नाही. पोरांची घोर निराशा झाली. एकाने दप्तर त्या वाकड्या खिळ्याला अडकवलं होतं, ते मात्र तिथे फार छान लटकलं.

घरी येऊन मी पेन घेतलं आणि उरलेल्या प्रत्येक पत्रकावर "एकही" या शब्दाच्या डोक्यावर लिहिलं: "एक सोडून". बोटं दुखली. आयला वाचून दाखवलं.

"आता खरं लिवलंस," ती म्हणाली आणि त्या पत्रकात तंबाखू बांधून घेऊन गेली.